तूप नको म्हणणारी

"हिरवा ठिपका आहे की. बिनधास्त घ्या."

जळगावच्या एका किराणा दुकानात मी मसाला वेफर्सचं पाकीट उलटंसुलटं करत होते, तेव्हा गल्ल्यावरचा कुंदन मला म्हणाला.

"हिरव्या ठिपक्यानं माझं भागत नाही," मी म्हटलं.

मग सगळं सांगावं लागलं. मी फैजपूरची नूतन, पशुवैद्यक. गोठ्यात गोचीड चावली, त्या चाव्यानं ॲलर्जी जडली आणि तेव्हापासून मला मटण चालेना... पाठोपाठ दूध-तूपही. जेवल्यावर चार तासांनी अंगावर गांधी उठतात. एकदा तर श्वासच अडकला. कोंबडी, मासे मात्र चालतात, हेही मी सांगून टाकलं. त्यावर तो जैनाघरचा मुलगा जरा अडखळला खरा, पण पाकीट माझ्या हातून घेऊन वाचायला लागला.

"दुधाची पावडर आहे यात... हे नको."

इतकं बारीक वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. घरात कांदा-लसूण-बटाटा नाही, त्यामुळे पाकिटं वाचायची सवय त्याला लहानपणापासूनची. आता त्यात माझी भर पडली. पुढच्या शनिवारी मी पुन्हा जळगावला आले, तर त्यानं माझ्यासाठी तेलात तळलेले साधे केळ्याचे वेफर्स बाजूला ठेवले होते. जेलीच्या गोळ्यांत जनावरांच्या हाडांचं जिलेटिन असतं म्हणून त्या परत ठेवायला लावल्या. एका शेवेच्या मसाल्यात नेमकं काय आहे, ते कळेना, तर पठ्ठ्यानं पाकिटावरच्या नंबरावर तीनदा फोन केला! लोक मला नखरेल समजत. हा मात्र फोनवर माझ्यासाठी भांडत होता. मला तो आवडायला लागला होता, भलताच. पण पाणी पिण्यापलीकडे कुणाच्या घरी काही घेता येत नाही, अशा मुलीनं कुणाच्या घरात जायची स्वप्नं बघावीत कशी?

दिवाळीनंतर त्याच्या आईनं, धनकुंवरबाईंनी, जेवायला बोलावलं. कुंदननं पीठ, मसाले, सगळं तपासून माझं ताट स्वतःच वाढलं होतं. ताटातलं सगळं मला चालणारं होतं. एकच गोष्ट तो विसरला – मनवार. त्यांच्याकडे पाहुण्याला शेवटचा घास यजमानीण आपल्या हातानं भरवते, आग्रह करकरून. बाईंनी बाटी कुस्करली, वर तुपाची धार सोडली आणि घास माझ्या ओठांशी आणला. जेवणारे सगळे थांबले.

"मला तूप चालत नाही, काकू," मी म्हटलं.

बाईंचा हात तसाच राहिला. चेहरा उतरला. माझे डोळे भरून आले. संपलं सगळं, असं वाटलं.

कुंदननं तो घास आईच्या हातून स्वतः खाल्ला.

"मम्मी, चुकलं माझं, तुला सांगायचं राहिलं. तूप हिला बाधतं, जिवावर बेततं. आणि... मला हिच्याशीच लग्न करायचंय."

हे मीसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होते.

बाई उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. परत आल्या त्या शेंगदाण्याच्या तेलाची वाटी घेऊन. त्यांनी हात धुतले, कोरी बाटी कुस्करली, वर तेल सोडलं.

"हे तर चालतं ना, बेटा?"

घास तोंडात गेला. मग त्या मुलाकडे वळल्या. "आणि तू... हिला विचारलंस का?"

"आत्ता विचारतोय," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे.

माझं तोंड भरलेलं होतं. मी नुसती मान डोलावली.