निळ्या काठाचा वाडगा

शपथ वगैरे मी घेणार नाही. शपथ घेऊन सांगणाऱ्यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

पण जे लिहितोय ते माझ्या घरात घडलंय. माझ्या मुलीच्या बाबतीत घडलंय. आणि ते अजून संपलेलं नाही.

साल १९९४. सिल्वासा, टोकरखाडा. दिवाळीचे दिवस.

मी राजेंद्र. मूळचा मनमाडचा. इथल्या एका सूत कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर आहे. आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की मी उठून चहाला जायचो. घरात बायको सुवर्णा आणि मुलगी शर्वरी. शर्वरी तेव्हा पाच वर्षांची होती.

सुरुवात मात्र सिल्वासात झाली नाही. ती झाली मोरोक्कोत.

हसू नका. आमच्या कंपनीने जुन्या मशीन तिकडच्या एका गिरणीला विकल्या होत्या. त्या बसवून द्यायला दसरा होताच मला धाडलं. गावाचं नाव तेतुआन. काम उरकलं आणि परतायच्या आधी एक रविवार मोकळा मिळाला. गिरणीवाल्यांनी हौसेने माझी एका दिवसाची सहल ठरवली. डोंगरातलं जुनं गाव बघायचं, शेफशावेन. सोबत अब्देस्लाम नावाचा गाईड, आणि टॅक्सीत एक स्पॅनिश जोडपं.

ते गाव निळं आहे. भिंती निळ्या, पायऱ्या निळ्या, दारं निळी. आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो ना, तशी अख्ख्या गावाला दिलेली.

अब्देस्लाम पुढे चालत इतिहास सांगत होता. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधून हाकललेली माणसं इथे येऊन राहिली, हा त्यांचा किल्ला, ही मशीद, हा झरा. इंग्रजी त्याचंही मोडकं आणि माझंही मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं.

दुपारी जेवायला बसलो तर समोर सगळं मटण. मी माळकरी घरातला, मला अंडंही चालत नाही. म्हटलं, तुम्ही जेवा, मी जरा फिरून येतो.

गल्लीतून वर चढत गेलो. खाली बाजाराचा गलका चालू होता. एक वळण घेतलं...

आणि गलका बंद झाला.

एकदम. कुणी रेडिओचं बटण फिरवावं तसा.

समोर एक दार उघडं होतं. पायरीवर एक म्हातारी बसलेली. कमरेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं फडकं. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे बोट केलं. आत गेली आणि एक वाडगा घेऊन आली.

मातीचा वाडगा. निळा काठ. एका बाजूला टवका उडालेला.

आत कसल्याशा डाळीचं, पिठल्यासारखं दाट काहीतरी होतं. वरून तेल आणि जिरं. वास घेऊन बघितला, मटण नव्हतं. मी तिथेच उभ्याने खाल्लं. इतक्या दिवसांत कुणी आपुलकीने समोर गरम अन्न धरलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

वाडगा रिकामा झाला. आता आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देतात का? साखरेचे चार दाणे का होईना, टाकून देतात. माझ्या पिशवीत बेसनाचा शेवटचा लाडू होता. सुवर्णाने डबा भरून दिले होते, त्यातला हा एक शर्वरीने वळलेला. वाकडातिकडा, तिच्या इवल्या बोटांचे ठसे उमटलेला. म्हणूनच मी तो शेवटपर्यंत ठेवला होता.

तो मी वाडग्यात ठेवला. खुणेने सांगितलं, माझी मुलगी, एवढीशी, तिने केलाय.

म्हातारी कितीतरी वेळ लाडूकडे बघत राहिली. मग तिने आपलं बोट हळूच त्या ठशात ठेवलं.

आणि हसली. हसण्याचा आवाज मात्र आला नाही.

खाली आलो तर अब्देस्लाम मला शोधत होता. मी गंमत म्हणून सगळं सांगितलं. तो हसला नाही.

"रिकामा द्यायचा होता," तो म्हणाला.

"का?"

"त्या दारात खाऊन रिकामा दिला की तिथेच संपतं. तुम्ही भरून दिला. आता ती परत पाठवणार. ती कुणाचं काही ठेवून घेत नाही."

"अरे बाबा, मी दोन दिवसांत माझ्या देशात असेन. पाठवणार कुठे?"

त्यावर त्याने फक्त एवढंच विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"



मी घरी पोचलो तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. कॉलनीतली दिवाळी तुम्हाला माहीतच आहे. या घरातून त्या घरात फराळाची ताटं फिरत असतात. कुठली वाटी कुणाची याचा पत्ता नसतो. आली की रिकामी करायची, आपल्या घरचं भरायचं आणि परत करायची. त्या गडबडीत म्हातारीचं सांगायचं माझ्या डोक्यातूनच गेलं.

पाडव्याची सकाळ. सुवर्णाने दारात रांगोळी काढली. पणतीत तेल घालायला ती आत वळली. बाहेर येऊन बघते तर रांगोळीच्या बरोब्बर मध्ये एक वाडगा... सुक्या अंजिरांनी भरलेला.

तिला वाटलं, समोरच्या नलिनी वहिनींनी ठेवला. नलिनी वहिनी धुळ्याकडच्या, त्यांचे मिस्टर गोकुळ आमच्याच कंपनीत ऑपरेटर. सुवर्णाने अंजिरं काढली, दोन शर्वरीच्या हातावर ठेवली, वाडग्यात चकल्या आणि चिवडा भरला. समोर गेली तर कुलूप. तेव्हा तिने वाडगा त्यांच्या उंबऱ्याशी झाकून ठेवला.

दुपारी नलिनी वहिनी आपलं ताट घेऊन आल्या.

"अंजिरं गोड होती हो वहिनी," सुवर्णा म्हणाली.

"कोणती अंजिरं?"

"वाडग्यात ठेवलीत ती. मी चकल्या घालून तुमच्या दाराशी ठेवलाय बघा."

"मी तं आत्ताच येऊन राहिले फराळ घेऊन. माझ्याकडे असा वाडगा बी नाही. आणि दाराशी तं काहीच नव्हतं."

मी दिवाणावर पेपर वाचत पडलो होतो. उठून बसलो.

"कसला वाडगा होता?"

"मातीचा," सुवर्णा म्हणाली. "निळ्या काठाचा. एका बाजूला टवका गेलेला."



नलिनी वहिनी गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, एवढी मोठी रांगोळी. मध्ये वाडगा ठेवायचा तर पाय पडणारच ना? कुठे एक कण हललेला नव्हता."

त्या रात्रीपासून शर्वरी जेवेना.

"पोट भरलंय," म्हणायची. आम्हाला वाटलं फराळाने असेल. भाऊबीज झाली, फराळाचे डबे तळाला गेले, तरी तेच. "पोट भरलंय." वरणभात नको, दूध नको, बिस्कीटसुद्धा नको. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी वजन केलं आणि आम्हालाच हसले. वजन वाढलं होतं.

सुवर्णाने दृष्ट काढली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. मिरच्या जळून काळ्या झाल्या, खोली धुराने भरली...

ठसका कुणालाच लागला नाही.

वाससुद्धा मिरचीचा नव्हता. जिऱ्याचा होता.

दुसऱ्या दिवशी वाडगा मागच्या गॅलरीत आला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीला आतून कडी. वाडग्यात तीच दाट डाळ, आणि तिच्यातून वाफ येत होती. मी ती मोरीत ओतली. वाडगा रिकामा करून तिथेच ठेवला. म्हटलं, घे बाई, आता तरी रिकामा घेऊन जा.

तिने तो नेला नाही. दिवसभर तसाच पडून होता.

संध्याकाळी मी स्कूटर काढली. दमणगंगेच्या पुलावर गेलो आणि वाडगा खाली फेकला. पाण्यात पडताना या डोळ्यांनी बघितला. घरी येऊन गॅलरीत डोकावलो तर शर्वरी आमच्याकडे पाठ करून बसली होती. तोंड हलत होतं. चावून खात असल्यासारखं.

मांडीत तो वाडगा होता. चाटूनपुसून लख्ख केलेला. बाहेरून अजून ओला होता.

"कुणी दिलं बाळा?" सुवर्णाने विचारलं. आवाज शांत ठेवला होता बिचारीने.

"आजीने."

"कुठल्या?"

"बाबांनी लाडू दिला त्या. त्यांना माझा लाडू आवडला. उद्या संध्याकाळी मला जेवायला बोलावलंय. मी येते म्हटलं."

"त्यांचं घर लांब आहे गं," मी म्हणालो.

"नाही बाबा. इथून गॅलरीतूनच जायचं."

गॅलरीच्या तीन मजले खाली सिमेंटचा ओटा आहे. मी तेवढंच बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. गॅलरीला कुलूप घातलं. त्यापुढे कपाट सरकवलं. शर्वरीचा हात एक क्षण सोडला नाही. मला इतकं घाबरलेलं सुवर्णाने कधी बघितलं नव्हतं. ती मात्र सकाळपासून आपली कामं उरकत होती. दिवेलागणीला तिने केस विंचरले, साडी बदलली, कुंकू लावलं. कुणी घरी येणार असेल तर तयार होते तशी.

"कपाट बाजूला करा," ती म्हणाली. "आणि पोरीला घेऊन खाली जा."

"तू काय करणार आहेस?"

"कुलूप लावून कुणी थांबत नसतं. तिने दिलं, आपण दिलं, तिने बोलावलं. हे बायकांचं आहे. बायकाच बघतील."

मी भांडलो. तिने ऐकलं नाही. शेवटी शर्वरीला कडेवर घेऊन मी खाली कंपाउंडमध्ये उभा राहिलो.

पोरं उरलेले फटाके उडवत होती. वर गॅलरीत सुवर्णा आली. कठड्याशी उभी राहिली. बोलत होती. मान हलवत होती, हातवारे करत होती, शेजारणीशी भिंतीवरून बोलावं तशी. समोर नुसता अंधार भरत आलेला.

शर्वरी माझ्या हातातून सुटायला बघत होती. एवढीशी पोर, पण मला ती आवरेना.

मग फटाक्यांचा आवाज थांबला. पोरं नाचत होती, फुलबाज्या जळत होत्या... आवाज नव्हता.

वर सुवर्णाने हात जोडले.

आणि सगळा आवाज परत आला. शर्वरीने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं.

"बाबा, भूक लागली."

मी जिने कसा चढलो मला आठवत नाही. तिने वरणभात खाल्ला, वर तूप-साखर-पोळी खाल्ली, पुन्हा मागून घेतली. मी भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडलो. वाडगा घरात कुठेच नव्हता.

सुवर्णा काय बोलली ते तिने वर्षभर मला सांगितलं नाही. मी विचारायचो, ती विषय बदलायची. पुढच्या दिवाळीत रांगोळी काढता काढता आपणहून बोलली.

"पोरीने येते म्हटलं होतं. दिलेला शब्द मोडता येईना. मी म्हटलं, अजून लहान आहे, आईशिवाय राहत नाही, तिला नेऊ नका. ती मोठी झाली की तिच्याऐवजी मी येईन."

"आणि ती काय म्हणाली?"

"बरं म्हणाली." सुवर्णाने रांगोळीचा डबा बंद केला. "मला तिची भाषा कळत होती हो. त्याचंच नवल वाटलं."

आता १९९९ चालू आहे. वाडगा पुन्हा आला नाही. सुवर्णाची तब्येत ठणठणीत आहे. स्वयंपाक करते, भांडते, नलिनी वहिनींबरोबर बाजारात जाते. लोक म्हणतील, मग झालं की सगळं नीट.

पण मोठी म्हणजे केव्हा? हे सुवर्णाने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. दहावी? लग्न? की त्याच्या कितीतरी आधी? शर्वरीचे फ्रॉक आखूड होतात आणि मी सुवर्णाकडे बघतो. मुलगी वाढताना बघून बापाने खूश व्हावं. मला ते सुख मिळालेलं नाही.

एक सवय तेवढी लागली आहे. घरात असलो की मधूनच मी मोठ्याने म्हणतो, "लहान आहे अजून ती." कुणी पाहुणे असले तरी म्हणतो. लोकांना वाटतं, लाडकी लेक.

मागच्या आठवड्यात शाळेचं गॅदरिंग होतं. शर्वरी नाचात होती. दुपारी तिने सुवर्णाची जुनी साडी नेसून बघितली आणि आरशासमोर उभी राहिली. केस वर बांधलेले. मला ती ओळखूच आली नाही क्षणभर.

"लहान आहे अजून ती," मी म्हणालो. जरा जास्तच जोरात.

शर्वरी वैतागली. मैत्रिणींसमोर मी असंच बोलतो म्हणून आधीच चिडलेली होती. गॅलरीच्या उघड्या दारात उभी राहून, अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली,

"बाबा, मी काही लहान नाही आता."

स्वयंपाकघरात सुवर्णा पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला.

तिने गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत माझ्याशेजारी येऊन बसली. आम्ही दोघांनी शर्वरीकडे बघितलंच नाही. गॅलरीच्या दाराकडे बघत राहिलो.