चांगलंचुंगलं

"पाहुणे उठून जात नाहीत तंवर जगूले घेऊन परसात बैस," मनकर्णाबाईंनी सुनेला बजावलं, आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "रडू नोको देऊ त्याले. त्यायच्या नजरेले पडाले नोको."

सोजरच्या हातातली पाण्याची वाटी तशीच राहिली... पाहुणे कोण, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण मानोऱ्यासारख्या गावात अशा गोष्टी झाकून राहतात थोड्याच! दौलतरावांना, म्हणजे तिच्याच नवऱ्याला, आपली मुलगी द्यायला निघालेला एक बाप बैठकीत पान खात बसला होता. एकोणीसशे अडतीस साल होतं ते. पहिली नांदत असताना दुसरी करून आणायला कुणाची आडकाठी नव्हती. आणि कारणही चारचौघांना पटण्याजोगं होतं, पहिलीचं पोर काही जगत नाही.

चार वर्षांचा जगदेव आईच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. हातापायांच्या काड्या झालेल्या, पोट तेवढं नगाऱ्यासारखं, आणि दिवसातून सात-सात, आठ-आठ वेळा जुलाब. अंगावरचं दूध तोडल्यापासून, अडीच वर्षं, हे असंच चाललं होतं. त्याला झालंय तरी काय, हे मात्र एकालाही सांगता आलं नव्हतं. वैद्यबुवांनी मुडदूस ठरवला, भगतानं बाहेरची बाधा काढली, पोहरादेवीला नवस बोलून झाला, आणि अखेर सगळ्यांनी मिळून दोष सोजरच्या दुधाला दिला. ती मेडशीची, कोरडवाहू तुकड्यावर राबणाऱ्या जानरावांची लेक. सासरी तिला 'कण्याच्या घरची' म्हणत. जवारी भरडून शिजवलेल्या कण्या हे गरिबाचं पोटभरू अन्न; पाटलांच्या घरात त्या फक्त गड्यांच्या थाळीत पडत. अशा अन्नावर वाढलेल्या बाईच्या दुधात सत्त्व ते कुठलं असणार!

आता मनकर्णाबाई काही दुष्ट नव्हत्या. नातवावर त्यांचा जीव होता, इतका की त्याच्या खाण्याला त्या दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. पहाटे उठून स्वतः गहू निवडायच्या, स्वतः जात्यावर बसायच्या, तुपात सांजा परतायच्या, दुधात शेवया शिजवायच्या आणि मांडीवर घेऊन घास भरवायच्या. कुठल्याही वैद्यानं "खायला काय देता?" म्हणून विचारलं की मान ताठ करून सांगायच्या, "चांगलंचुंगलं देतो. पाटलाचं घर हाय." वैद्य मान डोलवायचे आणि पुढं जायचे.

पण आज त्याच बाईनं नातवाला लपवायला सांगितलं होतं! सोजरच्या अंतःकरणात काहीतरी तडकलं. तिनं पदर सारखा केला, लेकराला काखेत घेतलं आणि परसाकडं न वळता ती सरळ बैठकीत जाऊन उभी राहिली.

"हा या घरचा थोरला लेक," ती पाहुण्यांना म्हणाली. "तुमची पोरगी याची माय होणार हाय, तं पाहून घ्या. याले काय झालं हे मले अजून कोणी सांगतलं नाई. कोणी सांगत नाई तंवर मी याले घेऊन दारोदार फिरणार हाय. मंग सोयरीक करा नाई तं नोका करू."

बैठकीत सून बोलली, हेच मानोऱ्यात महिनाभर पुरलं असतं. पाहुण्यांनी पान थुंकलं, विचार करून कळवतो म्हणाले आणि जोडे शोधू लागले. ते गेल्यावर मनकर्णाबाई म्हणाल्या, "नाक कापलं आमचं."

"कापलं तं कापलं, आत्याबाई," सोजर म्हणाली. "मले अकोल्याले जाऊ द्या."

दौलतराव खांबाला टेकून उभे होते. भला माणूस! आणि भल्या माणसांची हीच तर खोड असते, आईपुढं त्यांना वाचा नसते. पण त्या दिवशी त्यांनी निमूट बैलांची दमणी जुंपायला सांगितली, एवढं तरी केलं.

नातू परक्या गावी परक्या हातचं खाणार, ही कल्पनाच मनकर्णाबाईंना सोसेना. त्याही निघाल्या, मांडीवर पितळी डबा, डब्यात तुपातला सांजा. अकोल्यात पहिल्या डॉक्टरांनी जंतांचं औषध लिहून दिलं. दुसऱ्यांनी पोराचं पोट दाबून पाहिलं आणि हात जोडले. दौलतराव म्हणाले, "चाल आता घरी." सोजर रस्त्यातच उभी राहिली. "तिसरा कोण हाय ते इचारा," ती म्हणाली.

तिसऱ्या होत्या एक डॉक्टरीणबाई, मुंबईहून नव्यानं आलेल्या. त्यांनी जगूला टेबलावर निजवलं, नखं पाहिली, मळाचा रंग विचारला, वास विचारला, आणि मग तोच नेहमीचा प्रश्न आला, "खायला काय देता?"

"चांगलंचुंगलं देतो," मनकर्णाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली नाही. "चांगलंचुंगलं म्हणजे काय?"

अडीच वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं! मनकर्णाबाईंनी पितळी डबा टेबलाच्या कडेला ठेवून उघडला. "गव्हाचं, बाई. सांजा, शेवया, पोळी. जवारी तं आमी त्याले दाखवतही नाई."

सोजरच्या काळजात लख्ख झालं. "बाई," ती पुढं सरली, "मेडशीले, माह्या माहेरी, हा दोन डाव बरा झाला होता. भावाच्या लग्नात महिनाभर राह्यलो तवा, अन् बाबा आजारी होते तवा. सारे म्हने हवापालट झाली. पण आमच्या घरी गहू नसते बाई. तठी हा कण्या खाये, अन् ताक."

डॉक्टरीणबाई उठल्या. कपाटातून एक जाड पुस्तक काढून त्यांनी पानं उलटली. "या आजाराला नाव आहे," त्या हळूच म्हणाल्या. "अशा मुलांना पिठाचं अन्न सोसत नाही, असं यात लिहिलंय. कुठलं पीठ सोसतं नि कुठलं नाही, ते यात नाही. ते तुम्ही सांगितलंत. तीन महिने गव्हाचा कणही देऊ नका, आणि मला आणून दाखवा."

त्यांनी पितळी डब्याचं झाकण लावलं आणि डबा बाजूला सरकवला.

मनकर्णाबाईंनी डबा परत आपल्याकडं ओढला. "गव्हानं काय कोणी मरते, बाई? जीव आटवून चारलं मी त्याले..." त्या उठल्या. "हे कण्याच्या घरचं शहाणपण हाय. माह्या नातवाच्या तोंडात मी गड्याचं अन्न नाई पडू देणार."

दवाखान्याच्या पायरीवर सोजरनं नवऱ्याचा रस्ता अडवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आवाजात नव्हतं. "तुमी दुसरं लगीन करा. मी आडवी येनार नाई. म्हणसान तं त्या घरात पाणी भरीन, नाई तं माहेरी राहीन जलमभर. पण तीन महिने हा माह्या हातचं खाईन. एवढं द्या, अन् बाकी सारं घ्या."

आपलं कुंकू, आपलं घर, आपला मान... सगळं तिनं तीन महिन्यांच्या बदल्यात त्या पायरीवर ठेवून दिलं! दौलतरावांनी आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि खाली मान घालून म्हणाले, "जाय मेडशीले."

पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. जगू शेवयांसाठी रडायचा, थाळी ढकलायचा, आणि सोजर भिंतीला पाठ लावून स्वतःला विचारायची, मीच चुकले असेन तर? तिसऱ्या आठवड्यात जुलाब थांबले. दुसऱ्या महिन्यात पोट उतरलं. माघ लागला तेव्हा पोरगं वासराच्या मागं पळत होतं, आणि जानराव बुवा नातवाला धरता धरता दमून बाजेवर बसत होते.

त्याच सुमारास एका दुपारी दारात दमणी सुटली. मनकर्णाबाई एकट्याच उतरल्या. अंगणात मातीनं माखलेलं, गालावर मांस चढलेलं एक पोर थाळीत बोटं घालून कण्या आणि ताक कालवत होतं. म्हातारी तिथंच उंबऱ्याशी बसली.

"लगनाची तारीख सांगाले आल्या का, आत्याबाई?" सोजरनं विचारलं. ती उठली नाही.

"लगीन नाई. दौलतनं त्यायले 'नाई' सांगून धाडलं. जलमात पहिल्यांदा माह्यापुढं तोंड उघडलं त्यानं." मनकर्णाबाईंनी आपले दोन्ही हात समोर धरले, जात्याच्या खुंट्यानं घट्टे पडलेले. "दवाखान्यातून आली त्या दिवसापासून मी गव्हाले शिवली नाई, सोजर. या हातानं दळलं अन् या हातानं चारलं... घासाघासानं. माह्या लाडक्या लेकराले..."

सोजरनं या दिवसासाठी किती शब्द साठवून ठेवले होते! दुधात सत्त्व नाही म्हणणाऱ्यांना एकेक परत करायचं होतं. पण समोरचे ते हात पाहून तिला एवढंच बोलवलं, "माया केली तुमी, आत्याबाई. ते मले माहीत हाय. पण मी दोन डाव सांगतलं होतं, मेडशीले हा बरा राह्यते म्हणून. कण्याच्या घरचं कोणी ऐकलं नाई."

"नाई ऐकलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आता सांगजो. तू सांगशीन तसं होईन त्या घरात."

एवढ्यात जगूनं आजीला ओळखलं. थाळी तशीच उचलून, अर्धं ताक अंगावर सांडत तो दुडुदुडु आला, आणि आजवर आजीनं त्याला जसं भरवलं होतं अगदी तसाच घास करून त्यानं तिच्या तोंडापाशी नेला.

"खाय, आजी," तो म्हणाला. "चांगलंचुंगलं हाय."

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं. सोजर उठली, आत जाऊन तिनं दुसरी थाळी काढली, आणि सासूला वाढून तिच्याशेजारी जेवायला बसली.