झेडवरची लाल फुली

तो मोबाइल उलटा ठेव आधी, उजेड डोळ्यांत जातो. आणि दार लोटून घे. भुतं झाडावरच राहतात, असं वाटतं ना तुम्हाला? माझ्या साडूला भेटलं ते ऑफिसात, चांगलं ट्यूबलाइटखाली.

साडूला तुम्ही ओळखता. मागच्या लग्नात कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच जेवत होता, तो. तुम्ही म्हणालात, काका फार शिष्ट आहेत. शिष्ट नाही रे. ऐका, म्हणजे कळेल.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम त्याचं. इमारतींचे नकाशे काढणारं एक ऑफिस होतं, तिथे तो लागला. दोन भागीदार, शाळेपासूनचे मित्र. एक बाहेरून कामं आणायचा, त्याला सगळे शेठ म्हणायचे. दुसरा नकाशे काढायचा आणि नव्या पोरांना शिकवायचा, ते मास्तर. साडूला वडील नव्हते. मास्तरांनी त्याला हाताखाली घेतलं, कुणी विचारलं तर सांगायचे, हा माझा पोरगा.

आता त्या ऑफिसची एक गंमत. सगळे नकाशे मास्तरांच्या कॉम्प्युटरवर. बाकीच्यांच्या पडद्यावर तीच जागा ‘झेड’ नावाच्या ड्राइव्हसारखी दिसायची. मास्तर सकाळी आठच्या आत येऊन आपलं मशीन सुरू करायचे, तेव्हा कुठे सगळ्यांचा झेड उघडायचा. तोवर त्याच्यावर लाल फुली. पासवर्ड वगैरे काही नाही. घरच्या माणसांत कसलं कुलूप, म्हणायचे.

एकदा शेठनी साडूला बोलावलं. नवा सर्व्हर घेतलाय, सगळं त्यात हलव, मास्तरांचं मशीन काढ आणि त्यांचं नाव परवानगीच्या यादीतून उडव. साडूनं विचारलं, मास्तरांना माहीत आहे ना? शेठ म्हणाले, अरे, त्यांनीच सांगितलंय, आता आराम करायचाय त्यांना. साडूनं केलं. सांगकाम्या पोरगा, करणारच.

दुसऱ्या दिवशी शेठनी साडूला बाहेरच्या कामावर धाडलं. इकडे मास्तर आले. टेबलावर दुसरंच मशीन. झेडवर क्लिक केलं, तर उत्तर आलं, तुम्हाला परवानगी नाही. आयुष्यभराचं काम आत आणि हे दाराबाहेर! संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले म्हणे. मग घरी गेले ते गेलेच. साडू फोन करत राहिला, ते उचलत नव्हते. दोन महिन्यांत माणूस संपला. साडूला वाटत राहिलं, आजारी असतील, म्हणून बोलत नसतील.

पुढं वर्षभरानं, मार्चची शेवटची तारीख, सोमवार. रात्री साडेदहाला शेठचा फोन. झेड उघडत नाही, सकाळी मोठ्या कामाचे नकाशे द्यायचेत, लगेच ये.

साडू गेला. ऑफिसात शेठ एकटेच. झेडवर लाल फुली. यानं आधी वायर बघितली, ठीक. मशीन बंद करून चालू केलं. फुली तशीच. सर्व्हर तपासला. दिवा हिरवा, पण आतलं फोल्डर रिकामं. एक नकाशा नाही! शेठला घाम फुटला.

मग यानं बघितलं, झेड नेमका जोडलाय कुठे.

मास्तरांच्या मशीनला.

दुसऱ्या टेबलावरही तेच. तिसऱ्यावरही. यानं त्या मशीनला हाक पाठवली, आहेस का म्हणून. अशी सोय असते कॉम्प्युटरात.

उत्तर आलं. आहे.

साडू अडगळीच्या खोलीत गेला. मास्तरांच्या मशीनचा डबा कोपऱ्यात पडलेला. वायर नाही. वर बोटभर धूळ. आतली डिस्क तर यानंच तेव्हा काढली होती. डबा पोकळ. हात लावला…

कोमट होता.

परत आला, तर लाल फुली गेलेली. झेड उघडा. सगळे नकाशे आत, मास्तर लावायचे तसे ओळीनं. शेठनी त्याला बाजूला सारून क्लिक केलं.

तुम्हाला परवानगी नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

साडू हळूच म्हणाला, “शेठ, मास्तरांना खरंच माहीत होतं ना?”

शेठ क्लिक करतच राहिले.

“शेठ…”

“त्यानं विचारलं, कुणी बंद केलं,” शेठ पडद्याकडे बघत म्हणाले. “मी म्हटलं, तुझ्या पोरालाच विचार. त्यानंच केलंय परस्पर.”

…कळलं का तुम्हाला? मित्राचा केसानं गळा कापला, आणि कात्री या पोराच्या हातात दिली. मला अजूनही तो माणूस रस्त्यात दिसला तरी डोक्यात तिडीक जाते. आणि मास्तर? ते विचारायला आलेच नाहीत. ज्याला पोरगा म्हणायचे, त्याच्याबद्दल त्यांनी ते खरं मानलं, आणि तसेच गेले.

साडू खुर्चीत बसला. झेडमध्ये ठेवायला चार शब्द टाइप केले. मास्तर, मला माहीत नव्हतं.

सेव्ह केलं.

थोडा वेळ काहीच नाही.

मग… तुम्हाला परवानगी नाही.

आणि झेडवर लाल फुली आली.

नकाशे परत मिळाले नाहीत. शेठचं ऑफिस वर्षभरात बसलं. त्याचं मला काही नाही.

पण साडूच्या घरच्या कॉम्प्युटरवर, ज्याचा त्या ऑफिसशी काडीचा संबंध नाही, दुसऱ्या दिवसापासून झेड दिसायला लागला. यानं पुसला, पुन्हा आला. कॉम्प्युटर बदलला, त्यावरही आला. मी स्वतः बघितलाय. दिवसभर, रात्रभर लाल फुली असते. सकाळी आठच्या आत ती आपोआप जाते.

तेव्हा साडू समोर बसलेला असतो. ते चार शब्द पुन्हा टाइप करतो, सेव्ह करतो आणि वाट बघतो. रोज.

उत्तर अजून तेच येतं.