जांभळ्या ओढणीतलं जावळ

“जावळ देवाच्या दारातच उतरवायचं, भुवी. मामाच्या मांडीवर बसवून, आत्याच्या ओटीत. एक केस जमिनीला लागता कामा नये.”

अव्वाला, माझ्या आजीला, जाऊन सहा महिने झाले होते. तरी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. कारण समोर हिरव्या कपड्यांतला एक तरुण उभा होता, आणि त्याच्या हातात केस कापायचं मशीन होतं.

रुद्राणी, माझ्या भावाची मुलगी, नऊ महिन्यांची. तिच्या डोक्यात पाणी साठत होतं. डोकं इतकं जड झालेलं की मान धरता येत नव्हती, बसणं तर दूरच. डॉक्टर मेंदूपासून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी घालणार होते. साठलेलं पाणी तिच्यातून उतरून पोटात जिरणार होतं. दादा सह्या करायला गेला होता. वहिनी बाहेर बाकावर रडत होती. बाळ माझ्याकडे होतं.

“केस काढायचे हायेत,” तो म्हणाला.

“देवाचे आहेत.”

तो हसला नाही. तेवढंच मला तेव्हा बरं वाटलं.

“कुठल्या देवाचे?”

“वळसंगला आमचा वीरभद्र आहे. त्याला जावळ बोललंय.”

त्याने रुद्राणीच्या डोक्यावरून हात फिरवला. “नळी उजव्या कानामागनं जाणार. तेवढीच जागा साफ करतो, डॉक्टरांना विचारून. बाकीचं ऱ्हाऊ द्या वीरभद्राला. ओढणी पसरा... ओढणी चालती न्हवं देवाला?”

मी जांभळी ओढणी पसरली. मऊ काळे केस तिच्यात पडत राहिले. दोन त्याच्या हातमोज्याला चिकटले होते. तेही त्याने निवडून ओढणीत टाकले. मग सगळे गॉजच्या पाकिटात भरून त्यावर लिहिलं – ‘बेबी रुद्राणी, उजवी बाजू’.

“थँक्यू, ब्रदर.”

“जोतिराम म्हणा की. टेंभुर्णीचा हाय. ब्रदर म्हणणाऱ्या लई हायेत.”

ऑपरेशन दीड तास चाललं. तिसऱ्या दिवशी ताप आला. नळीत जंतू शिरले तर ती काढावी लागते, हे मला एव्हाना कळलं होतं. जोतिराम ड्यूटी संपल्यावरही थर्मामीटर घेऊन येत राहिला. चौथ्या दिवशी ताप उतरला, तेव्हा त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“तुमी काय खाल्लं न्हाय.”

“सोमवार आहे.”

“आणि काल?”

“काल प्रदोष होता.”

“उद्या?”

“उद्या खाईन.”

“मग उद्याच भेटतो.”

आणि खरंच आला... कागदात गुंडाळलेली कडक भाकरी, शेंगाचटणी. रुद्राणीच्या डोक्याभोवती मोजपट्टी धरून त्याने आकडा लिहिला.

“जावळाला मामा कोन हाय?”

“वहिनीला भाऊ नाही.”

“माझी मांडी हाय की.” तो मोजपट्टी गुंडाळत राहिला, माझ्याकडे बघत नव्हता. “म्हंजे मी मामा, तुमी आत्या. आमच्यात मामा-आत्याचं लगीन जमतं. तुमच्यात...?”

मी रुद्राणीचा पायमोजा सारखा केला. तो सरळच होता.

“जमतं,” मी म्हणाले. “पण मांडीवर बसायला आधी तिला बसता यायला हवं.”

“आणि बसली तर?”

“ज्या दिवशी आधाराशिवाय बसेल, त्या दिवशी मी स्वतः येऊन उत्तर देईन.”

“देवाशप्पथ?”

“मी शपथ घेत नाही. बोलले की पाळते.”

पुढचे चार महिने आम्ही तपासणीला जात राहिलो. डोक्याचा घेर वाढायचा थांबला. कानामागच्या टाक्यांवर नवे केस आले. उत्तराबद्दल तो एकदाही बोलला नाही. फक्त विचारायचा, “बसवताना उशा किती लागतात?”

“चार.”

पुढच्या महिन्यात, “दोन.”

मग, “एकच.”

“एक म्हंजे लई झाली की हो,” एवढंच म्हणायचा नि रिपोर्ट उचलून निघून जायचा.

आज सकाळी मी लिंगपूजेला बसले होते. रुद्राणीला शेजारी चटईवर ठेवलं होतं, पाठीशी ती एक उशी. बेलाच्या पानासाठी ती पुढे झुकली आणि उशी मागे कलंडली. मी हात पुढे केला... आणि तिथेच थांबवला. ती डावीकडे डुलली, उजवीकडे डुलली. मग पान मुठीत धरून बसून राहिली. नुसती, एकटी.

पूजा मी अर्धी सोडली नाही. उरलेली तीन फुलं वाहिली, नमस्कार केला. मग वाटीत तांदूळ घेऊन त्यांना कुंकू लावलं.

“कुठे निघालीस?” वहिनीने दारातून विचारलं.

“जावळाचं आवतण द्यायला. मामाला.”

“मला कुठला गं भाऊ?” ती म्हणाली. मग तिची नजर चटईवर गेली. जोतिराम दर महिन्याला उशा का मोजायचा, ते तिलाही ठाऊक होतं. डोळे पुसून म्हणाली, “अशी नको जाऊस. ती जांभळी ओढणी घे.”

मी अक्षता कागदात बांधल्या, ओढणी खांद्यावर घेतली आणि चपला घातल्या.