नववा दगड

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. एडगरच्या पाठीवरचे वळ डॉक्टरांनीही पाहिलेत.

मी विनी हार्कर. ऑल्डरविक गावच्या चर्चच्या मंडळाची चिटणीस. गेल्या वर्षी आमचं आणि शेजारच्या नेदरकोमचं मिळून एकच मंडळ झालं. मे महिन्यातल्या एका सोमवारी, दुपारी साडेतीनला, त्याची पहिली बैठक होती.

नेमक्या त्याच सोमवारी दरवर्षी दोन्ही गावं आपापल्या बाजूने शीव फिरतात. शिवेवरच्या नऊ दगडांना वाळुंजाच्या ओल्या काठ्यांनी बडवायची रीत आहे. पूर्वी तिथेच एकमेकांची डोकी फुटायची.

माझ्या भावाने, एडगरने, ती रीत बंद केली.

"मंडळ एक झालं, आता शीव कसली? बडवायचं कुणाला, बेसिलला?"

नेदरकोमचा म्हातारा बेसिल हसला नाही.

एडगरने नववा दगड ट्रॅक्टरने उपटून सभागृहात आणला होता. आठवण म्हणून. बैठकीत तो त्यावरच बसला.

"ऊठ त्यावरून," बेसिल म्हणाला.

"का? तुझ्या आजोबांची खुर्ची आहे का?"

सगळे हसले. मीही हसले, याची आज लाज वाटते.

मी ठराव वाचायला उठले, आणि...

ठप्प.

लांबून आवाज आला. ओली काठी दगडावर पडल्याचा.

"गिरणीजवळचा," बेसिल पुटपुटला. "पहिला."

"पोरांचा चावटपणा असेल," आमच्या पाद्रीबाई फिलिपा म्हणाल्या आणि खिडकीशी गेल्या.

बाहेर लख्ख ऊन. माणूस एकही नाही.

ठप्प... ओढ्याचा. ठप्प... पुलाचा.

आवाज जवळ येत होता. आठवा दगड सभागृहामागच्या भिंतीला लागून आहे. तो वाजला तेव्हा खिडकीच्या काचा हादरल्या.

मग कावळे गप्प झाले.

खडीवर पावलं वाजली... खूप पावलं.

दार उघडलं. दारात कुणीच नव्हतं.

"एडगर, ऊठ!" मी ओरडले.

"उठतोय गं... विनी, उठताच येत नाहीये."

पहिल्या फटक्यात त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. तो आवाज मी ऐकला. दुसरा फटका तोंडावर बसला, दात टेबलावर उडाले. मग डावीकडून एक, उजवीकडून एक. शर्टाच्या चिंध्या झाल्या. मारणारं कुणी दिसत नव्हतं. मी त्याला ओढायला धावले, तर माझी दोन बोटं मोडली. ठरावाच्या वहीवर रक्ताचा सडा पडला.

मग पावलं निघून गेली.

त्याच संध्याकाळी आम्ही दगड परत जागेवर पुरला. एडगर वाचला. आता माझ्याच घरी, मागच्या खोलीत असतो.

यंदा मे महिन्यात बेसिल दोन काठ्या घेऊन दारात आला.

"चल विनी. आपण नाही बडवले, तर ते येतील."

एडगर झोपला होता. त्याला न सांगताच आम्ही गेलो. नवव्या दगडाला मी एकच काठी मारली, अगदी हळू. बेसिलने मात्र आपल्या बाजूने जोरात हाणली.

घरी आले तर एडगर उशीत तोंड खुपसून कण्हत होता. पाठीवर दोन ताजे वळ होते. एक पुसट. दुसऱ्यातून रक्त येत होतं.

"तुझा हात हलका आहे, विनी," तो म्हणाला. "बेसिलला सांग ना..."

मी अजून सांगितलेलं नाही. बेसिल हळू मारायला तयार होईल. पण तेवढ्याने त्या न दिसणाऱ्या मारणाऱ्यांचं समाधान होईल का?