रिठीवरच्या मोकळ्या जागा

डॉ. नंदिनी थूल ही गुरांची डॉक्टर होती, आणि बापाला समजावण्यापेक्षा मारक्या बैलाला सुई टोचणं सोपं, हे तिचं अनुभवाचं मत होतं. बैल निदान लाथ झाडून मोकळा होतो. रामाजी थूल लाथ झाडत नसत, वादही घालत नसत. सगळं ऐकून घेत, बशीतला चहा संपवत आणि म्हणत, "पाहू."

उन्हाळ्यात अंगणात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता. सेवाग्रामला ऑपरेशन झालं, महिनाभर ते तिथंच नंदिनीच्या भाड्याच्या घरी राहिले, आणि वॉकर धरून चार पावलं टाकता येताच मांडवधऱ्याला परतले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. शेजारची कोकिळा भाकरी आणून देई. नंदिनी दर रविवारी पवनारवरून स्कूटी दामटत येई आणि सेवाग्रामला राहायला चला, हे पुराण पुन्हा लावी. ऑगस्टमधल्या त्या रविवारीही तिनं ते लावलंच होतं.

"बाबा, नदी इथून हाकेवर आहे. किती दिवसांची झड लागून राह्यली! काही झालं तर तुमाले पळता तरी येते का?"

"पाहू," रामाजी म्हणाले.

इतक्यात डोक्यावर पोतं घेतलेली कोकिळा दारात आली. तिच्या बकऱ्यांनी कालपासून चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. नंदिनी उठली. तिनं ताप पाहिला, पोटं दाबून पाहिली, पापण्या उलटवून पाहिल्या. बकऱ्यांना काहीही झालेलं नव्हतं. त्या फक्त एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. तिनं एकीचा कान धरून तिला वळवलं. बकरी गरीबपणे वळली आणि हात सुटताच पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली.

"कालपासून असंच करून राह्यल्या," कोकिळा म्हणाली. "रिठीकडं पाहून राह्यल्या."

रिठी म्हणजे नाल्यापलीकडचं उंच टेकाड. जुनं मांडवधरा तिथं होतं. रामाजींच्या आज्याच्या काळात तापाची साथ आली आणि गाव घाबरून इकडं नव्या जागी सरकलं. जाताना जे चालू शकत नव्हते त्यांना बाजेवर घालून तिथंच ठेवलं. कोणी म्हणतं, परत न्यायला येऊ असं सांगितलं होतं. गेलं कोणीच नाही. तेव्हापासून रिठीवर कोणी नांगर घालत नाही आणि दिवस मावळल्यावर थांबत नाही. वैशाखात मात्र घरटी एक भरलेलं मडकं तिथं नेऊन ठेवतात, कारण त्या माणसांना शेवटचं पाणी द्यायला कोणी नव्हतं. रामाजींच्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातून देव्हाऱ्याबरोबर भुतंही बाहेर काढली होती, पण मडकं रामाजीही ठेवत. "पाण्याले कोन्ता धरम असते?" असं ते विचारत, आणि नंदिनीला ते पटत असे.

दुपारी रोही, म्हणजे नीलगाई, आले. रोह्यांचा अख्खा कळप भरदिवसा गावाच्या मधल्या रस्त्यानं, न बिचकता, पाणी तुडवत चालला होता. मागून रानडुकरं, पिलांसकट. वानरं छपरांवरून उड्या मारायची सोडून पोरं पोटाशी धरून जमिनीवरून चालली होती. सगळी नाल्यावरचा रपटा, तो ठेंगणा फरशीपूल, ओलांडून रिठीकडं जात होती.

नंदिनीनं स्वतःची समजूत घातली. जनावरांना जमिनीची थरथर आपल्याआधी कळते. उन्हाळ्यात रिठीवर मडक्यांतलं पाणी मिळतं, म्हणून वाट ओळखीची. यात नवल ते काय? समजूत तशी पक्की होती. एकच गोष्ट राहून राहून टोचत होती. रोह्यांच्या पाठोपाठ गावातली कुत्री चालली होती आणि त्यातलं एकही भुंकत नव्हतं.

तेवढ्यात ग्रामपंचायतीचा भोंगा खरखरला. सरपंच प्रभाकरराव बोलत होते. "नदी चढून राह्यली. सगळ्यायनं शाळेत जावं. शाळा पक्की हाय, स्लॅबची हाय. भेवू नका बाप्पा." शाळा नदीच्या अंगाला होती, पण स्लॅबची होती हे खरं. लोक गाठोडी घेऊन निघाले.

नंदिनी दारात उभी राहिली. डाव्या हाताला माणसं चालली होती, उजव्या हाताला जनावरं. रपट्यावर अजून घोटाभरच पाणी होतं. थोड्या वेळात कमरेला लागलं असतं. बापाला एकदाच कुठंतरी नेता येणार होतं. चुकलं तर त्यांना तिथून हलवायला दुसरी संधी नव्हती, आणि ते स्वतः पळू शकत नव्हते.  आयुष्यभर जनावरांकडे बघून निदान केलं होतं. आज त्यांच्यावर नाही तर कधी विश्वास ठेवायचा?

"बाबा, मी नेते तिकडं चलायचं. पाहू म्हणायचं नाही."

रामाजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "चाल," ते म्हणाले.

त्यांना बाजेवर निजवून एक कोपरा तिनं धरला, दुसरा कोकिळेनं, तिसरा कोकिळेच्या नवऱ्यानं, हेमराजनं. चौथ्याला कोणी नव्हतं. गावातले जुने शेतकरी लक्ष्मणराव आपली बैलजोडी हाकत शाळेकडे चालले होते. नंदिनीनं हाक मारली.

"काका, हात लावता का? बाबाले रिठीवर न्यायचं आहे."

लक्ष्मणराव थबकले. पावसात त्यांचा आवाज जेमतेम ऐकू आला. "बाजेवर घालून? जित्या माणसाले? पोरी, एकदा ठेवलते लोकायनं तिथं. थे पाप अजून फिटलं नाई."

"ठेवून यायचं नाही काका. मी सोबत राहणार आहे."

त्यांनी मान हलवली आणि पुढे निघाले. पण बैल निघाले नाहीत. दोघांनी एकदमच मान झटकली, लक्ष्मणरावांच्या हातातला कासरा सुटला, आणि जोडी शांतपणे वळून रपट्यावर उतरली. लक्ष्मणराव त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. सरपंचाचं ऐकावं की बैलांचं, हा प्रश्न शेतकऱ्याला फार वेळ पडत नाही. ते मागे आले आणि त्यांनी बाजेचा चौथा कोपरा खांद्यावर घेतला.

लक्ष्मणरावांचे बैल रिठीवर गेले, ही बातमी भोंग्यापेक्षा लवकर पसरली. शाळेच्या पायऱ्या चढलेले लोक माघारी वळले. पोरं, गाठोडी, शेळ्या, सगळं रपट्यावरून एकमेकांचे हात धरून पार झालं. पाणी तोवर गुडघ्याच्या वर आलं होतं. बाजेवरून रामाजी सगळ्यांना सांगत होते, "जपून बाप्पा, माह्याकडं पाहू नका, पायाकडं पाहा."

टेकाड चढून वर आल्यावर बाज खांद्यावर असतानाच चौघंही थांबली.

वर आवाज नव्हता. पाऊस होता, पण इतक्या जनावरांमधून एक हंबरणं, एक फुरफुरणं नाही. ओल्या केसांचा आणि शेणाचा वास दाटला होता. जनावरं बसली होती, आणि ती कशीही बसलेली नव्हती. रोही एका बाजूला, डुकरं एका बाजूला, मधून वाट सोडलेली. पुन्हा एक ओळ, पुन्हा वाट. एका ओळीत ससे होते आणि त्यांच्या शेजारी कोल्हा, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून.

गल्ल्या होत्या त्या. नंदिनीला दुसरा शब्द सुचला नाही.

आणि ओळींमध्ये मधून मधून जागा मोकळ्या होत्या. काही लहान, काही मोठ्या. गवत दबलेलं, जणू कुणी आत्ताच बाज उचलून नेली.

लक्ष्मणरावांचे बैल अशाच एका मोकळ्या जागेच्या कडेला उभे होते. तिच्या शेजारी आणखी एक जागा होती, बाजेएवढी.

"थांबा," रामाजी हळूच म्हणाले. "आपलं घर इथं नोयतं. बापानं दाखवलतं मले. आपलं गावाबाहेर, खाली, नाल्यापाशी."

सगळ्यांनी खाली पाहिलं. तिथं आता पाणी होतं.

लक्ष्मणरावांनाही त्या जुन्या जागा ठाऊक होत्या. त्यांनी मोकळ्या जागेशेजारी पाय रोवले. मग म्हणाले, "इथंच टेकवा. आमच्या बाजूनं." 

बाज बरोबर बसली.

नंदिनीनं वाकून जमिनीवर हात टेकला. इतक्या दिवसांच्या झडीत ती जमीन कोरडी होती.

कोकिळेला तिची जागा मिळाली. बकऱ्या आधीच तिच्या कडेला होत्या. मागून येणारं एकेक घर येई, इकडं तिकडं बघे आणि न विचारता कुठंतरी बसे. कुणी कुणाला सांगत नव्हतं. लेकुरवाळ्यांच्या जागा वाऱ्याआड होत्या.

"ताई," कोकिळेनं नंदिनीचा हात दाबला. "तिकडं."

टेकाडाच्या कडेला, नदीच्या बाजूनं, वाघ बसला होता. बोरच्या जंगलातले वाघ इतक्या खाली येत नाहीत असं म्हणतात. त्याची पाठ सगळ्यांकडे होती. तो पाण्याकडे बघत होता.

कोणी ओरडलं नाही. एक लहान मूल रडायला लागलं आणि आपणहून थांबलं.

शेवटी एकच जागा उरली. नंदिनीनं गाव नजरेखालून घातलं, एकच माणूस कमी होता. मग रपट्याच्या बाजूनं छातीभर पाण्यातून, भोंग्याचा माईक डोक्यावर धरून, प्रभाकरराव आले. लोक शाळेतून कुठं गेले ते बघत आले होते. वर येऊन त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, माईक खाली ठेवला आणि त्या जागेवर जाऊन बसले.

अंधार पडल्यावर नदीचा आवाज बदलला.

शाळा पडताना दिसली नाही. एक जड, लांबलेला आवाज तेवढा आला, आणि टेकाडावरची प्रत्येक मान त्या दिशेला वळली. माणसांची आणि जनावरांची, एकाच वेळी.

रामाजींनी लेकीचा हात घट्ट धरला. "जगलो रे माय," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

सकाळी पाणी उतरलं तशी जनावरं ओळीनं उठून गेली. वाघ सगळ्यात शेवटी गेला. गावाची निम्मी घरं बसली होती, कपाशी वाहून गेली होती, पण माणूस एकही गेला नव्हता. गावानं घरं पुन्हा उभी केली. त्या रात्री ज्याच्या शेजारी जो बसला होता, त्याच्याशी त्याचं काहीतरी कायमचं जुळून गेलं. लक्ष्मणराव रोज संध्याकाळी थूलांच्या अंगणात येऊन चहा पीत आणि रामाजींची टिंगल करत. दोघांच्याही आज्यांना हे स्वप्नातसुद्धा दिसलं नसतं. नंदिनीनं मात्र आपला हेका सोडला नव्हता. पुराच्या तोंडाशी कशाला राहायचं, सेवाग्रामला चला, हे चालूच होतं. रामाजी "पाहू" म्हणत होते.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. बापानं आपणहून फोन करावा, हेच नवल.

"जरा येजो," ते म्हणाले. "दिवसाच येजो."

ती पोचली तेव्हा ऊन रणरणत होतं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, नाला कोरडा होता. काठी टेकत रामाजी रपट्यापर्यंत चालत आले होते. लक्ष्मणराव, कोकिळा, प्रभाकरराव, सगळं गाव तिथं होतं. कोणी कुऱ्हाडीनं वाटेवरची बाभूळ तोडत होतं, कोणी काट्यांची कुंपणं काढत होतं. बायका डोक्यावरून पाणी वर नेत होत्या, घरटी एक मडकं नव्हे, होतील तेवढी भांडी. सणाची तयारी चालावी तसं काम चाललं होतं, आणि कुणाच्या तोंडावर भीती दिसत नव्हती.

नंदिनीनं वर पाहिलं. टेकाडावर जनावरं बसली होती, भर उन्हात, ओळीनं.

"आपल्या जागा वर हायेत, तशाच," लक्ष्मणराव म्हणाले. "ह्या खालच्या आपल्या नोहे."

मग तिला दिसलं. ओळी टेकाडावर संपल्या नव्हत्या. त्या उतारावरून खाली आल्या होत्या, पडीक वावरांमधून पुढे गेल्या होत्या, नजर जाईल तिथवर, थेट डांबरी रस्त्यापर्यंत. दोन रोह्यांमध्ये, दोन हरणांमध्ये, दोन मोकाट गाईंमध्ये मोकळी जागा. पुन्हा जागा, पुन्हा जागा. तो रस्ता पवनारला जातो, सेवाग्रामला जातो, वर्ध्याला जातो.

"बाबा, काय येऊन राह्यलं?"

"मले का मालूम?" रामाजी म्हणाले. "पन जागा हाय सगळ्याइले. मी आता तिकडं येत नाई, नंदे. तूच इकडं येजो. शेजारीपाजारी, दवाखान्यातले, जे येतीन त्यायले घेऊन येजो. काऊन म्हनून विचारतीन. सांगजो, बोलावलं हाय."

तिनं मान हलवली. पर्समधून फोन काढला, आणि पहिला कुणाला लावावा म्हणून रस्त्याकडे पाहत उभी राहिली.

डांबराच्या अगदी कडेला, शेवटच्या ओळीत, एक गाभण रोही उठली, थोडी मागे सरकली आणि पुन्हा बसली. तिच्यासमोर आणखी एक जागा मोकळी झाली.