रुमाल टाकून धरलेली जागा

प्रताप, तो टीव्ही बंद कर आधी. आणि मीरा, भीती वाटणार असेल तर आत्ताच वर आईकडे जा, मध्येच उठलेलं मला चालत नाही. माझ्या मित्राच्या, भानुदासच्या बाबतीत घडलेलं सांगतोय. पदरचं काही घालत नाही.

साल चौऱ्याऐंशी. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या मंगळवारची रात्र. भानुदास टेक्सासात शिकत होता, नुकतीच इकडे डेट्रॉइटजवळ नोकरी लागली होती. लग्नानंतर दोन वर्षांनी त्याची बायको सुजाता नागपूरहून येत होती. गुरुवारी सकाळी शिकागोला उतरणार. परका देश, इंग्रजी जेमतेम, ओळखीचं कोणी नाही. तिला विमानतळावर घ्यायचं आणि ट्रेननं इकडे आणायचं, एवढंच काम. विमान परवडेना, म्हणून गडी डलासहून रात्रीच्या बसमध्ये बसला.

भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. दीक्षाभूमीच्या शेजारी वाढलेला माणूस, असल्या गोष्टी सांगणाऱ्याची भर पंगतीत खिल्ली उडवायचा. माझीही उडवलीय. पण सवयी कुठे सुटतात? आपण एसटीत काय करतो? खिडकीतून रुमाल टाकायचा, की जागा आपली. तुम्हा अमेरिकन पोरांना ते काय कळणार म्हणा. यानं शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. पांढराशुभ्र, कोपऱ्यात सुजातानं हिरव्या दोऱ्यानं 'भा' भरलेला. पाय पसरून झोपायचं होतं, बाकी काही नाही.

लिटल रॉकला बस भरली. एका म्हातारीनं विचारलं, इथे कोणी बसलंय का. हा बेधडक म्हणाला, हो, माझा मित्र येतोय. म्हातारी बिचारी मागे टॉयलेटजवळ जाऊन बसली.

आतले दिवे गेले. दोन्ही बाजूंना नुसतं जंगल. बस कुठेही थांबली नाही… आणि शेजारची सीट दबली.

काय मीरा? रिकामी सीट दबली कशी? तेच तर.

भानुदासला वाटलं, म्हातारीच आली. मग वास आला. ओल्या लोखंडाचा. शेजारी ओव्हरकोट घातलेला माणूस. मान छातीवर पडलेली. तो इंग्रजीत, अगदी अदबीनं म्हणाला,

"माझ्यासाठी जागा धरलीत. एवढं कोणी करत नाही."

त्यानं मान वर केली. गळा… या कानापासून त्या कानापर्यंत उघडा. त्यानं रुमाल उचलला. गळ्यावर दाबला. रुमाल लाल झाला. मग तोच ओला रुमाल भानुदासच्या गळ्याभोवती टाकला आणि पीळ भरला.

भानुदास काय सोडतोय. कोपर हाणलं. लाथा झाडल्या. डोकं काचेवर आपटलं, काच तडकली, दात तुटून घशात गेला. ओरडावं तर आवाज नाही. पीळ आणखी घट्ट. डोळ्यांपुढे सुजाता, पेटी घेऊन एकटी उभी… आणि कानाशी ते तोंड.

"पुढच्या गाडीत मी धरीन. तिच्यासाठी."

बस करकचून थांबली. लोकांनी पाहिलं ते एवढंच, की हा एकटाच रिकाम्या सीटशी मारामारी करतोय आणि त्याचा गळा आवळला जातोय. ड्रायव्हरनं खिशातला चाकू काढून रुमाल मधोमध कापला, म्हणून वाचला. पाच वर्षांपूर्वी याच बसमध्ये जागेवरून भांडण होऊन एकाचा गळा चिरला होता, इतकंच ड्रायव्हरनं सांगितलं. पुढच्या थांब्यावर त्यानं दोन्ही तुकडे कचऱ्याच्या पिंपात टाकले. भानुदासच्या डोळ्यांदेखत.

शिकागोला सुजाता भेटली. आल्या आल्या बायकोला काय सांगायचं? गळ्यावरचा काळानिळा वळ यानं मफलरखाली झाकला, तुटलेल्या दाताचं विचारलं तर पडलो म्हणाला. ट्रेनला सणाची ही गर्दी. त्यानं पक्कं ठरवलं होतं, कुठे काही टाकायचं नाही, मिळेल तिथे बसायचं. तो दारात पेटी ओढत होता. सुजाता पुढे गेली. डबा गच्च भरलेला. मधली एक खिडकीची जागा तेवढी रिकामी. कोणी तिथे बसत नव्हतं.

सुजातानं वाकून सीटवरचं काहीतरी उचललं आणि वळून हसली. दोन वर्षांनी तो तिला हसताना पाहत होता.

"अहो, माझ्यासाठी जागा धरून ठेवलीत होय?"

भानुदासनं पेटी टाकली. माणसं तुडवत धावला. ती टेकणार… त्यानं तिला दंडाला धरून असं हिसडलं की बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. अमेरिकेतला पहिला दिवस, आणि नवऱ्यानं चारचौघांत फरफटत नेलं. ती रडत होती. डेट्रॉइटपर्यंत दोघं दारापाशी उभे.

त्या जागेवर कोणीही बसलं नाही.

मी स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. भानुदासनं मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. वहिनींची एक मूठ घट्ट मिटलेली होती. मी विचारलं, हातात काय आहे. त्यांनी मूठ उघडली.

रुमाल. धुतलेला, पांढराशुभ्र. कोपऱ्यात हिरवा 'भा'. आणि मधोमध, चाकूनं कापला होता तिथे…

टाके घातलेले. जाड, काळ्या दोऱ्याचे. जखमेला घालतात तसले.

दोरा अजून ओला होता.